झेंडा, इच्छा आणि ‘थांब’



आठ मार्चच्या प्रदर्शनाची तयारी करायला आम्ही गटातल्या पंधराजणी बसलो होतो. हुंडा, रेशन, घरकामगारांची नोंदणी असे नेहमीचे विषय वाटून झाले. तेवढ्यात नव्याने येऊ लागलेल्या दोन कॉलेजच्या मुलींनी पिशवीतून पुठ्ठ्यावर रंगवलेले सहा झेंडे काढले. त्यातला इंद्रधनुषी झेंडा आम्ही ओळखला. बाकीचे अनोळखी होते.

“ताई, हे किंकचे झेंडे. एक जुना, अमेरिकेतला आहे. बाकीचे आम्ही तयार केलेत. प्रदर्शनात लावायचे का?”

किंक म्हणजे काय तेही त्यांनीच न लाजता सांगितले. बांधून घेणे, हुकूम देणे किंवा मानणे, वेदनेतून सुख, चामडे किंवा रबर अशा वस्तूंची ओढ. प्रौढ माणसांच्या ज्या लैंगिक आवडींची चारचौघांत चेष्टा होते त्या. खोलीत शांतता पसरली आणि मग सगळ्याजणी एकदम बोलू लागल्या. “आधीच लोक आपल्याला घरं मोडणाऱ्या म्हणतात.” “मारहाणीच्या केसेस लढवायच्या आणि मारण्याचाच झेंडा लावायचा?” मीही विरोधातच बोलले. निर्णय झाला नाही. नंतर वाचले, विचार केला आणि माझे मत काही अंशी बदलले. का, ते सांगते.

इंद्रधनुषी झेंडा २५ जून १९७८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोत प्रथम फडकला. त्याचा कर्ता म्हणून गिल्बर्ट बेकरचे नाव घेतले जाते. कापड रंगवण्यात लिन सेगरब्लोम ही कलावंत स्त्री त्याच्याबरोबर होती, पण तिचे नाव क्वचितच ऐकू येते. हे आपल्याला नवे नाही. त्या झेंड्याला आठ पट्टे होते आणि सर्वांत वरचा गडद गुलाबी पट्टा लैंगिकतेचा होता. पुढे जास्त झेंडे शिवायची वेळ आली, तेव्हा त्या रंगाचे कापड पुरेसे मिळेना आणि सगळ्यात आधी गळला तो हाच पट्टा. कारण साधे, बाजारातले. तरी मला त्यात आपल्या चळवळीची गोष्ट दिसते. आपण हिंसेवर भरभरून बोललो, सुखाचा पट्टा मात्र ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवला. १९९८ च्या डिसेंबरात ‘फायर’ चित्रपटावर हल्ले झाले, तेव्हा दिल्लीत काही स्त्रिया ‘भारतीय आणि लेस्बियन’ असा फलक घेऊन उभ्या राहिल्या. त्या वेळी आपल्यातल्याही अनेकींना वाटले होते की हा मुद्दा आत्ताच कशाला. आज त्या संकोचाची लाज वाटते. म्हणून ‘लोक काय म्हणतील’ हे कारण मी या वेळी माझ्यापुरते बाद केले.

मुलींनी आणलेला जुना झेंडा होता लेदर झेंडा. चामड्याचा पोशाख आणि वर्चस्व-शरणागतीचे खेळ यांभोवती जमलेल्या लोकांसाठी टोनी डिब्लेझ यांनी तो तयार केला आणि मे १९८९ मध्ये शिकागोच्या एका मेळाव्यात मांडला. काळे आणि निळे पट्टे आलटून पालटून, मधोमध एक पांढरा, वर डाव्या कोपऱ्यात लाल हृदय. रंगांचा अर्थ त्यांनी मुद्दामच सांगितला नाही, पाहणाऱ्याने तो लावावा असे म्हटले. एड्सने माणसे मरत होती आणि समलिंगी पुरुषांकडे समाज रोगाचे घर म्हणून पाहत होता, असा तो काळ. अशा वेळी आपणही आहोत, एकटे नाही, हे सांगण्याला अर्थ होता. पुढे १९९५ मध्ये केसाळ, धिप्पाड समलिंगी पुरुषांनी स्वतःचा ‘बेअर’ झेंडा केला, रबराची आवड असणाऱ्यांचा वेगळा झाला, आणि आता तर प्रत्येक आवडीला झेंडा निघतो.

या सगळ्यात बाया कुठे होत्या? होत्या. इंद्रधनुषी झेंडा शिवला गेला त्याच वर्षी, त्याच शहरात ‘सॅमोइस’ हा लेस्बियन स्त्रियांचा गट सुरू झाला. आम्ही स्त्रीवादी आहोत आणि आम्हाला असे खेळ आवडतात, असे त्या उघड म्हणत. दुसऱ्या स्त्रीवादी म्हणत, हा पुरुषी सत्तेचाच आरसा आहे, गुलामीची नक्कल करून मुक्ती येत नाही. एप्रिल १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात स्त्रियांच्या लैंगिकतेवर परिषद भरली, तेव्हा अश्लील साहित्याविरुद्ध लढणाऱ्या बायका दाराबाहेर निषेधाची पत्रके वाटत होत्या. बहिणी-बहिणींतले ते भांडण वर्षानुवर्षे चालले.

मला त्या भांडणात दोन्ही बाजूंचे पटते. सत्ता नसलेल्या जागी खेळ होतो का, हा प्रश्न खरा आहे. आणि प्रौढ बाईला स्वतःला काय हवे ते कळत नाही, असे म्हणणे म्हणजे पुन्हा तिला अज्ञान ठरवणे, हेही खरे आहे.

कायद्याने हा गुंता दोन्ही टोकांनी दाखवला आहे. इंग्लंडमध्ये काही पुरुषांनी आपसात, राजीखुशीने एकमेकांना वेदना दिल्या. १९९३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने तीन विरुद्ध दोन अशा मतांनी त्यांची शिक्षा कायम केली. संमती होती हा बचाव चालला नाही. मात्र बाईला जीवे मारल्याचा आरोप असलेले पुरुष कोर्टात “तिलाच तसे हवे होते” असे सांगू लागले, तेव्हा ती खोटे म्हणायला जिवंत नव्हती. बायकांनी मोहीम चालवली, तेव्हा कुठे २०२१ च्या कायद्याने स्पष्ट केले की लैंगिक सुखासाठी गंभीर इजेला संमती होती हा बचाव ठरणार नाही.

आपल्याकडे तर तिला विचारण्याचेच कारण नाही. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता लागू झाली, पण तिच्या कलम ६३ मध्ये जुनी सूट तशीच आहे. अठरा वर्षांपुढच्या पत्नीशी पतीने केलेला संभोग बलात्कार नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्तीसगड उच्च न्यायालयाने, जिचा मृत्यू झाला होता अशा पत्नीच्या प्रकरणात, तिची संमती महत्त्वाची नाही असे म्हणून पतीला निर्दोष सोडले. मंगळसूत्र घातले की नवऱ्याच्या प्रत्येक इच्छेचा झेंडा आपोआप रोवला जातो. त्याला पुठ्ठा लागत नाही, रंग लागत नाहीत.

म्हणून झेंड्याबद्दल माझी खरी अडचण वेगळी आहे. झेंडा ‘मी कोण’ ते सांगतो. एकदा शिवला की तो तसाच राहतो. संमती दोघांमधली असते, त्या रात्रीपुरती, त्या क्षणापुरती. मधेच मागे घेता येते. हुकूम मानायला आवडणाऱ्या बाईच्या झेंड्याकडे बोट दाखवून उद्या कुणी म्हणेल, हिने तर आधीच सांगितले होते. आपल्याकडे कपड्यांवरून होकार वाचणारे कमी नाहीत, ते झेंड्यावरूनही वाचतील.

त्या बैठकीत सर्वांत मोलाचे बोलली ती आमची शिवणकाम करणारी मैत्रीण. मुली सांगत होत्या की हे लोक आधी बसून बोलतात, काय चालेल, काय नाही ते ठरवतात, आणि एक शब्द ठरवतात. तो उच्चारला की सगळे तिथेच थांबते. आमची मैत्रीण इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “म्हणजे थांब म्हटल्यावर तो थांबतो? आणि रागावत नाही? बाई गं, मग आमच्याकडे का नाही असा शब्द? बावीस वर्षं झाली लग्नाला.”

कुणी हसले नाही. ज्यांना आपण विकृत म्हणत होतो त्यांच्याकडे जो नियम आहे, तो आपल्या सभ्य घरांत नाही. तिथेही तो मोडला जातो, मोडणारे झेंड्याआड लपतातही. पण निदान मोडला असे म्हणण्यापुरता नियम तरी आहे.

माझे मत आता असे आहे. लेदर झेंडा त्याच्या इतिहासासह प्रदर्शनात लावावा, कुणाच्या आवडीला हसू नये. नवे चार झेंडे मुलींनी जरूर रंगवावेत, पण गटाचे म्हणून आपण ते फडकवू नयेत. कुणाची आवड मान्य करणे किंवा अमान्य करणे हे आपले काम नव्हे. आपले काम त्या शेजारच्या फलकाचे: आधी विचारले का? नाही म्हणता येते का? नाही म्हटल्यावर घर, पैसा, मुले शाबूत राहतात का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असेल, तर पहिल्या दोहोंना अर्थ उरत नाही.

तो फलक रंगवायचे काम त्या दोघींनीच घेतले आहे. मजकूर आमची शिवणकाम करणारी मैत्रीण सांगणार आहे. तुमच्या गटात यावर बोलणे झाले, भांडण झाले, तर आम्हाला जरूर कळवा.