बशीतील पेशी म्हणजे माणूस नव्हे

मोटर न्यूरॉन डिसीज या आजारात स्नायूंना हुकूम पोचविणाऱ्या मज्जापेशी हळूहळू मरत जातात. हातांतील बळ जाते, पाय जड होतात, पुढे गिळणे व श्वास घेणेही कठीण होते. अशा घराला कोणी सांगितले की, "प्रयोगशाळेत या पेशी वाचविल्या आहेत, आता इलाज आला," तर ते घर जमीन गहाण टाकण्यासही तयार होते. म्हणून अशा बातमीची खरी किंमत शेतकरी बंधुभगिनींनी नीट समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

कामरेज भागातील केळी बागायतदारांस हे समजणे अवघड नाही. टिश्यू कल्चरचे रोप बाटलीत किती टवटवीत दिसते! तेथे साखर आयती मिळते. वारा, कडक ऊन, रोगराई काही नाही. तेच रोप बाटलीतून काढून थेट शेतात लावले, तर कोमेजून जाते. आधी काही आठवडे हरितगृहात व शेडनेटखाली त्यास कणखर करावे लागते. बाटलीतील यश खोटे नसते, पण ते अर्धेच असते.

पेशींचेही तसेच आहे. 2007 साली जपानचे शिन्या यामानाका यांनी प्रौढ माणसाच्या त्वचेपासून मूळपेशी तयार केल्या. यात मानवी भ्रूणाचा नाश करावा लागत नाही, ही आपणां ख्रिस्ती लोकांस समाधानाची गोष्ट आहे. 2008 साली अमेरिकेत या आजाराच्या 82 वर्षांच्या बाईच्या त्वचेपासून मोटर न्यूरॉन बनविण्यात आले.

अडचणी येथूनच सुरू होतात. त्वचा 82 वर्षांची असली, तरी तिच्यापासून बनलेली मज्जापेशी गर्भातील बाळाच्या पेशीसारखी कोवळी असते. आजार मात्र बहुधा उतारवयात येतो. शरीरात या पेशीचा तंतू कण्यापासून पायापर्यंत सुमारे एक मीटर लांब जातो. बशीत तेवढी जागा कोठून आणावी? शिवाय ती एकटी जगत नाही. शेजारच्या आधारपेशीत दोष असेल, तर निरोगी मोटर न्यूरॉनही मरतो, असे 2007 सालच्या प्रयोगांत दिसले. आणि 10 पैकी सुमारे 9 रोग्यांच्या घराण्यात हा आजार पूर्वी झालेला नसतो. त्यांच्या आजाराचे कारणच ठाऊक नसताना ते बशीत कसे घालावे?

आपल्याकडील लाखोळी डाळीचे उदाहरण पाहा. विदर्भात ही डाळ पिकते. तीच महिनोन् महिने मुख्य अन्न झाली, तर मज्जापेशींना इजा होऊन पाय कायमचे ताठरतात. मध्य प्रदेशात रीवा भागातील वेठबिगारांना मजुरीत हीच डाळ मिळे. 1961 पासून अनेक राज्यांत तिच्या विक्रीवर बंदी आली आणि 1964 साली भारतीय शास्त्रज्ञांनी तिच्यातील विष वेगळे काढले. हे विष बशीतील मज्जापेशीवर टाकले, तर पेशी लवकर मरते. परंतु एखाद्या जेवणात डाळ खाल्ल्याने माणूस पंगू होत नाही. प्रयोगातील जनावरांतही हा रोग सहज उत्पन्न करता आलेला नाही. बशीत विष होते, पण उपासमार नव्हती, निकस आहार नव्हता, राबणारे शरीर नव्हते.

प्रयोगशाळेस नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. पुढचा इलाज कदाचित तेथूनच निघेल. परंतु बशीतील यश दाखवून पैसे उकळणे हा अन्याय आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूळपेशींचा उपचार काही रक्तविकारांसारख्या ठरावीक आजारांपुरताच मान्य आहे. मोटर न्यूरॉनच्या आजारात तो केवळ मंजूर चाचणीतच करता येतो, आणि त्यासाठी रोग्याकडून पैसे घ्यावयाचे नसतात.

म्हणून कोणी लाखो रुपये मागितले, तर तीन प्रश्न विचारावेत : हे माणसांवर तपासले आहे काय? चाचणी सरकारी नोंदवहीत आहे काय? मग पैसे कशाचे? 1995 पासून वापरात असलेले रिल्युझोल हे औषध आयुष्य काही महिने वाढविते. श्वासाचे यंत्र, गिळता येईल असे अन्न आणि व्यायाम यांनी रोग्याचे हाल कमी होतात. जमीन विकण्यापूर्वी मज्जातज्ज्ञाचा सल्ला घ्यावा. घरात दुखणे आले आहे; त्यात कर्जाची भर पडू देऊ नये.