मोळीचे वजन कोण ठरवणार?

शिराळा तालुक्यात कंबर, मान आणि गुडघे झिजवणारी मोठी कामे दोन: पश्चिमेला चांदोलीच्या बाजूची भातशेती आणि वारणा-मोरणेकाठची ऊसतोड. दोन्हीकडे दुखणे इतके सरसकट आहे की त्याला आजार म्हणण्याची रीतच नाही. ते टाळता येते असे कुणी म्हटले की ठरलेले आक्षेप पुढे येतात.

पहिला आक्षेप सवयीचा. ‘चार दिवस दुखेल, मग अंग तयार होते.’ स्नायूंपुरते हे काही अंशी खरे आहे. हंगामाच्या सुरुवातीची अंगदुखी ओसरते. मणक्यांमधल्या चकत्या आणि अस्थिबंध मात्र असे तयार होत नाहीत. उसावर कोयता जमिनीलगत मारावा लागतो, कारण बुडख्याकडच्या कांड्यांत साखर जास्त असते आणि वर राहिलेला खुंट खोडव्यालाही बाधतो. त्यामुळे तोडणारा तासन्‌तास कमरेत वाकलेला असतो. इतका वेळ ताणलेले अस्थिबंध उभे राहताक्षणी पूर्ववत होत नाहीत. ते सैल असतानाच पाचट काढलेल्या उसाची, वाढ्यांनी बांधलेली मोळी डोक्यावर चढते आणि अरुंद फळीवरून ट्रॉलीत जाते. बहुतेक वेळा ती चढवणारी बाई असते. इजेचे मूळ या क्रमात आहे आणि सवयीने तो बदलत नाही. ज्यांचे अंग ‘तयार’ झाले नाही ते काम सोडून गेलेले असतात, म्हणून फडात तयार अंगाचीच माणसे दिसतात. आक्षेप घेणारा त्यांच्याकडेच बोट दाखवतो.

दुसरा आक्षेप अधिक सुशिक्षित आहे: मजुरांना वजन उचलायचे शास्त्र कळत नाही, गुडघ्यात वाकून उचलायला शिकवा. अशी शिबिरे स्वस्त पडतात, फोटोही चांगले येतात. पण ओझे उचलण्याच्या प्रशिक्षणाने कामगारांची पाठदुखी टळते असा पुरावा २०११च्या कॉक्रेन आढाव्याला सापडला नाही. याचे नवल वाटायला नको. अमेरिकेतील ‘नायॉश’ या संस्थेच्या सूत्रात सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही उचलण्याच्या ओझ्याची मर्यादा २३ किलो धरली आहे. मोळी सहज तिसाच्या घरात जाते, पायाखाली सरी-वरंबा असतो आणि चढ फळीचा. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. म्हणजे तीस किलोंच्या पन्नास ते पासष्ट मोळ्या. पन्नासावी मोळी शास्त्रशुद्ध उचलली तरी तिचे वजन तेवढेच राहते.

तोडणी यंत्र आले की प्रश्न मिटेल, हा तिसरा आक्षेप फार वेळ घेण्याजोगा नाही. यंत्राला रुंद सरी आणि सलग मोठे क्षेत्र लागते. शिराळ्याच्या उताराच्या, तुकड्या-तुकड्यांच्या रानात कोयता अजून बरीच वर्षे चालणार आहे.

कामाची पद्धत बदलली की शरीरावरचा भार बदलतो, याचा दाखला याच तालुक्यात आहे. इथे भाताची धूळवाफ पेरणी होते: पावसाआधी कोरड्या रानात बी पडते, त्यामुळे चिखलात दिवसदिवस वाकून रोपे लावावी लागत नाहीत. अर्थात वाकणे पुरते जात नाही. धूळवाफेत तण माजते आणि भांगलणीला बायका खुरपे घेऊन उकिडव्या बसतात. कमरेचा भार गुडघ्यांवर येतो. पण पेरा ओळीत असेल तर तिथेही उभ्याने चालवायचे सायकल कोळपे बरेच काम हलके करते.

ओझ्याबाबतचा दाखला पुण्याचा आहे. बाबा आढाव यांच्या नेतृत्वाखालील हमाल पंचायतीने क्विंटलच्या पोत्याविरुद्ध आवाज उठवला. पुढे ५० किलोंचे पोते रूढ झाले आणि व्यापार काही बसला नाही. हमालांना शिबिरात नेऊन हे घडलेले नाही. पोतेच लहान झाले. १९६९च्या माथाडी कायद्याने हमालांच्या कामाला मंडळाचा आधार दिला. मुंबईत माथाडीचे काम करणारी कितीतरी माणसे सातारा-सांगलीच्या याच डोंगरपट्ट्यातली आहेत. गावाकडच्या फडाला मात्र हा आधार नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८च्या कलम ३४ प्रमाणे राज्याला ओझ्याची कमाल मर्यादा ठरवता येत असे, पण ती कारखान्याच्या आवारात. आत साखरेच्या पोत्याचे वजन ठरलेले असते. बाहेर मोळीला मोजमाप नाही.

मोळी हलकी करायला खुद्द मजूरच तयार होणार नाहीत, हा आक्षेप मात्र खरा आहे. दर टनावर असतो, उचल आधीच घेतलेली असते, खाडा पडला की पैसे कापले जातात. लहान मोळी म्हणजे जास्त खेपा आणि ट्रॉली भरायला उशीर. कंबर धरली तरी जोडी फडात उतरते ती या हिशेबापायी. म्हणून वजनाची मर्यादा एकटी टिकणार नाही. तिच्या सोबत रुंद, आडव्या पट्ट्या मारलेली फळी हवी. तोडणी संपवून एकदम भरणी करण्याऐवजी मध्ये विसावा हवा, आणि जादा खेपांची भरपाई दरात हवी. फळी आणि विसावा यांचा खर्च किरकोळ आहे. दरवाढीचा खर्च किरकोळ नाही, पण तो अशक्यही नाही: जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला आणि कारखाने चालूच राहिले.

त्या दरवाढीच्या वाटाघाटीत टनाचा दर ठरला, मोळीचे वजन नाही. साखर संघ आणि ऊसतोड कामगारांच्या संघटना पुढच्या करारासाठी बसतील तेव्हा दराच्या शेजारी मोळीची मर्यादा, विसाव्याची वेळ आणि कंबरदुखीने पडलेल्या खाड्याची माफी ही तीन कलमे लिहून घ्यावीत.