आधी महिना ठरवा, मग सफारी

आमच्या कार्यालयातले एक ज्येष्ठ सहकारी निवृत्त झाले, तेव्हा त्यांनी काकूंना एक वचन पूर्ण करून दाखवायचं ठरवलं. लग्नानंतर कधीतरी दोघांनी टीव्हीवर आफ्रिकेतल्या नदीत उड्या घेणाऱ्या जनावरांचे कळप पाहिले होते आणि काकू म्हणाल्या होत्या, "एकदा हे डोळ्यांनी पाहायचं." फंडाच्या पैशातला चांगला मोठा हिस्सा बाजूला काढून दोघं सप्टेंबरमध्ये टांझानियाच्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात जाऊन आले.

परतल्यावर मी उत्साहाने विचारलं, "काका, नदीवरचे कळप पाहिलेत?" ते हसले. म्हणाले, "कळप उत्तरेला होते आणि आमचा तंबू दक्षिणेला. आम्ही वाळलेलं गवत आणि धूळ पाहिली."

सहल कंपनीच्या पत्रकावर नदी ओलांडणाऱ्या कळपांचा फोटो होता आणि खाली 'महास्थलांतर' असं लिहिलं होतं. त्यात खोटं काहीच नव्हतं. फक्त ते कळप कोणत्या महिन्यात कुठे असतात, हे कोणी सांगितलं नाही आणि यांनी विचारलं नाही. आयुष्यात एकदाच होणाऱ्या खर्चाची अशी गत होऊ नये, म्हणून या वेळचा हा लेख.

चार गोव्यांएवढं रान

सेरेंगेटीचं क्षेत्रफळ आहे १४,७६३ चौरस किलोमीटर, म्हणजे आपला गोवा जवळपास चार वेळा त्यात मावेल. मसाई भाषेत या नावाचा अर्थ 'न संपणारं मैदान' असा सांगितला जातो. १९५१ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८१ मध्ये जागतिक वारसा ठरलं. तेरा-चौदा लाख वाइल्डबीस्ट आणि त्यांच्या सोबतीने लाखो झेब्रे व हरणं या मैदानात वर्षभर गोल फिरत असतात. हे चक्र पावसाच्या आणि गवताच्या मागे चालतं. कॅलेंडर पाहून नव्हे, त्यामुळे दोन-तीन आठवडे मागेपुढे होतातच. तरी साधारण वेळापत्रक असं :

डिसेंबर ते मार्च कळप दक्षिणेला, न्दुतूच्या परिसरात असतात. इथली माती ज्वालामुखीच्या राखेची. गवत आखूड, पण खनिजांनी भरलेलं आणि दूध पाजणाऱ्या माद्यांना नेमकं तेच हवं असतं. फेब्रुवारीच्या आसपास दोन-तीन आठवड्यांत बहुतेक पिल्लं जन्मतात. एकदमच इतकी जन्मली की सिंह, तरस, चित्ते खाऊन खाऊन किती खाणार? पिल्लू काही मिनिटांतच उभं राहतं आणि आईमागे धावू लागतं. मुलांना घेऊन जायचं असेल तर याहून चांगला काळ नाही.

एप्रिल-मे हा मोठ्या पावसाचा काळ. रस्ते चिखलाचे होतात, काही तंबू-निवास बंद असतात. दर मात्र उतरलेले असतात. कळप वायव्येकडे सरकू लागतात आणि जूनच्या सुमारास पश्चिमेला ग्रुमेती नदीपाशी पोचतात.

जुलै ते ऑक्टोबर ते उत्तरेला, केनियाच्या सीमेजवळ मारा नदीवर असतात. ही नदी कोरड्या ऋतूतही वाहते. काकूंनी टीव्हीवर पाहिलेला मगरींचा तो प्रसंग इथलाच. याच दिवसांत दक्षिणेचं मैदान सुकून ओस पडतं. आमचे काका गेले ते तिथे. नोव्हेंबरमधल्या छोट्या पावसाबरोबर कळप पुन्हा दक्षिणेची वाट धरतात.

म्हणून पहिला प्रश्न 'किती तारांकित हॉटेल?' हा नसावा. 'आम्हाला काय पाहायचं आहे आणि ते कोणत्या महिन्यात कुठे असतं?' हा असावा. मुलांच्या शाळेमुळे मे महिन्याखेरीज सुटी मिळतच नसेल, तर नदीचा आग्रह सोडा. मध्यभागी सेरोनेरा भागात सिंह, बिबटे, हत्ती, जिराफ, पाणघोडे वर्षभर मुक्कामाला असतात.

दिवस किती, ठिकाणं किती

दुसरी चूक असते हावरेपणाची. सहा दिवसांत पाच उद्यानं असा कार्यक्रम कागदावर भरगच्च दिसतो, पण त्यातला निम्मा वेळ गाडीत हाडं खिळखिळी होण्यात जातो. अरुशा शहरापासून सेरोनेरा सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि पुढचा बराच रस्ता कच्चा, त्यामुळे सात-आठ तास धरूनच चाला. तिथून उत्तरेची मारा नदी आणखी अर्ध्या दिवसाची वाट. सात दिवस असतील तर सेरेंगेटीत चार रात्री आणि वाटेत गोरोंगोरोला एक-दोन रात्री, एवढं पुरे. गोरोंगोरो हे जुन्या ज्वालामुखीचं सुमारे सहाशे मीटर खोल विवर आहे आणि तळाशी काळा गेंडा दिसण्याची आशा असते. वयस्कर मंडळी बरोबर असतील आणि पैशाची सोय असेल, तर परतीचा प्रवास लहान विमानाने करा. त्यात सामान साधारण पंधरा किलो आणि तेही मऊ पिशवीतच चालतं, हे आधी लक्षात ठेवा.

नकाशावर सेरेंगेटी आणि केनियाचं मसाई मारा एकमेकांना चिकटलेली दिसतात. 'सकाळी इथे, दुपारी तिथे' असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. उद्यानातून सरळ सीमा ओलांडण्याची सोय पर्यटकांना नाही. लांबच्या चौकीवरून वळसा घालावा लागतो आणि दोन देशांची दोन परवानापत्रं लागतात.

पैसे देण्यापूर्वी विचारा

उद्यानाचं शुल्क माणशी आणि चोवीस तासांचं असतं. ते डॉलरमध्ये आकारलं जातं आणि एकूण खर्चात त्याचा वाटा मोठा असतो. पाच वर्षांखालच्या मुलांना ते लागत नाही, पाच ते पंधरा वर्षांपर्यंत कमी लागतं. सेरेंगेटीला जाणारी नेहमीची वाट गोरोंगोरोतून जाते, म्हणून तिथलंही शुल्क पडतं, आणि विवरात उतरण्यासाठी प्रत्येक गाडीमागे वेगळी रक्कम द्यावी लागते. दोन कंपन्यांच्या दरांत मोठा फरक दिसला, तर बहुधा यांतलंच काहीतरी गाळलेलं असतं. तेव्हा लेखी विचारा : सर्व शुल्कं धरली आहेत का? गाडी फक्त आमची की अनोळखी लोकांबरोबर? प्रत्येकाला खिडकी मिळेल का? छप्पर उघडतं का? मुक्काम नेमका कोणत्या भागात, त्या महिन्यात तो भाग का निवडला? शेवटच्या प्रश्नाचं नीट उत्तर जो देतो, त्याच्याकडे जा.

शाकाहारी असाल तर ठरवतानाच कळवा, ऐन वेळी नको. वाटाड्या-चालकाला शेवटी बक्षिसी देण्याची पद्धत आहे, ती रक्कमही आधीच बाजूला काढा.

लस, औषधं, कपडे

विमान बहुधा नैरोबी, अदिस अबाबा किंवा आखातातल्या एखाद्या शहरात बदलावं लागतं. पीतज्वराची लस निघण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्या. एकदा घेतलेल्या लसीचं प्रमाणपत्र २०१६ पासून आयुष्यभर चालतं. केनिया-इथिओपियासारख्या देशांतून प्रमाणपत्राविना परतलात, तर भारतात सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवलं जाऊ शकतं. साठीपुढच्यांनी ही लस आणि हिवतापाच्या गोळ्या, दोन्हींबद्दल आपल्या डॉक्टरांशी बोलावं. व्हिसाचा अर्ज घरूनच, इंटरनेटवर करून ठेवा.

निळे-काळे कपडे नकोत, त्से-त्से माश्या त्या रंगांवर धावतात. मातकट रंग बरे. आफ्रिका म्हणजे उन्हाळा, असं समजून स्वेटर घरी ठेवू नका. गोरोंगोरोचा काठ समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच आहे, तिथे पहाटे हुडहुडी भरते. प्लास्टिकच्या पिशव्यांवर टांझानियात २०१९ पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू कापडी पिशवीत किंवा डब्यात न्या. आणि घरात एकच दुर्बीण असेल तर आणखी एक मागून आणा. सिंह दिसल्यावर एका दुर्बिणीवरून नवरा-बायकोत भांडण हमखास!

रानाचा पाहुणा

एक गोष्ट पैशाने येत नाही. जुलै २०२५ मध्ये मारा नदीकाठी पर्यटक गाड्यांतून उतरून थेट काठावर गर्दी करून उभे राहिले आणि नदीतून वर येणाऱ्या कळपांची वाटच अडली. ती चित्रफीत जगभर पाहिली गेली, टीका झाली. उद्यानात गाडीतून उतरायचं नाही, वाट सोडून गाडी हाकायची नाही, हे नियम जनावरांसाठी आहेत तसे आपल्यासाठीही. 'जरा जवळ घ्या ना' म्हणून आपण चालकाला गळ घालतो आणि बक्षिसीच्या आशेने तो बिचारा नियम मोडतो. त्यात दोष आपलाही असतो. निघण्यापूर्वीच त्याला सांगून टाका, "आम्हाला घाई नाही." कळप काठावर येऊन तासन्‌तास थांबतो, कधी न उतरताच माघारी वळतो. ती वाट पाहणं हाच तर सहलीचा गाभा. 'सफारी' हा स्वाहिली शब्द अरबीतून आला, आपल्या 'सफर'चाच भाऊ. त्याचा अर्थ नुसता 'प्रवास' आहे, शिकारही नाही आणि शर्यतही नाही.

काका-काकूंची सहल अगदीच वाया गेली का? नाही. शेवटच्या दिवशी सेरोनेराला त्यांनी एका चित्तीणीला तीन पिल्लांसह वारुळावर बसलेली पाहिली. दोन तास गाडी हलवली नाही. काकू अजून त्या पिल्लांबद्दल बोलतात. पण परवा घरी गेले तेव्हा चहा देता देता त्या हळूच म्हणाल्या, "नदी मात्र राहिली गं. परत काही जाणं होणार नाही आता. तू लिहितेस ना, निदान दुसऱ्यांना तरी सांग."

म्हणून सांगितलं. तिकिटं काढण्यापूर्वी भिंतीवरचं कॅलेंडर खाली घ्या, शेजारी सेरेंगेटीचा नकाशा ठेवा आणि घरातल्या सगळ्यांना घेऊन बसा. सफारीची सुरुवात तिथेच होते.