खाणमालक, कूळ आणि विधानसभा

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर यांची समाधी पणजीजवळ मिरामारच्या किनाऱ्यावर आहे. त्यांच्या गौरवाच्या भाषणांत गावोगाव उघडलेल्या मराठी शाळा येतात, कूळकायदा येतो, बहुजन समाजाला लाभलेला आत्मविश्वास येतो. आणि ते स्वतः खाणमालक होते हे वाक्य त्यांच्या औदार्याची प्रस्तावना म्हणून उच्चारले जाते. पदरचा पैसा लोकांसाठी सोडणाऱ्या माणसाविषयी असे बोलले जावे, हे योग्यच आहे. परंतु अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला ते वाक्य तेवढ्यावर सोडून देता येत नाही.

भाऊसाहेबांचा जन्म १९११ सालचा, पेडण्याचा. जपानच्या पोलाद कारखान्यांनी गोव्याचे लोहखनिज उचलण्यास प्रारंभ केला त्या सुमारास गोमंतकात नव्या संपत्तीचा एक वर्ग उदयास आला आणि भाऊसाहेब त्या वर्गात स्वकर्तृत्वाने पोहोचले. १९६३ च्या डिसेंबरातील पहिल्या निवडणुकीत त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने असा चमत्कार घडविला की, देशभर सत्तेवर असलेल्या काँग्रेसला गोव्यातील २८ जागांपैकी एकही मिळाली नाही. ते स्वतः त्या निवडणुकीत उमेदवार नव्हते. मुख्यमंत्री आधी झाले आणि आमदार मागाहून, पोटनिवडणुकीने!

पुढच्याच वर्षी, १९६४ साली, कूळकायदा झाला. कुळाला जमिनीवरून हुसकावण्यास पायबंद बसला आणि खंडाची कमाल मर्यादा उत्पन्नाच्या एकषष्ठांश ठरली. भाटकारापुढे पिढ्यान् पिढ्या मान खाली घालून उभ्या राहणाऱ्या माणसाच्या दृष्टीने याचे मोल काय होते, हे आकड्यांत सांगता येणार नाही. जमीन प्रत्यक्ष कुळाच्या मालकीची करणारी दुरुस्ती भाऊसाहेबांच्या कन्या शशिकला काकोडकर यांच्या कारकिर्दीत १९७६ साली झाली. तिचा पाया मात्र येथेच घातला गेला.

आता हेच कूळ डिचोली किंवा सांगे तालुक्यात राहते असे समजा. त्याच्या शेताच्या वरच्या अंगाला डोंगर पोखरला जात आहे. टन-दीड टन खनिजामागे त्याहून कितीतरी अधिक माती बाजूला पडते, तिचे ढिगारे उभे राहतात आणि मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीबरोबर ती तांबडी माती भातशेतीत उतरते. खाण भूजलाच्या पातळीखाली गेली की उपसा सुरू होतो आणि गावच्या विहिरी वैशाखाआधीच तळ दाखवू लागतात. भाटकाराने एकषष्ठांशाहून अधिक मागितले तर कुळाला दाद मागता येते. सगळे पीकच गाळाखाली गेले तर कूळकायदा काय करणार? खंड देण्यापुरतेही ज्या शेतात पिकत नाही, तेथे खंडाची मर्यादा हा केवळ कागद उरतो.

पोर्तुगीजांनी दिलेल्या खाणींच्या सनदा मुदतीविना होत्या. त्या १९६१ नंतरही तशाच राहिल्या. त्या रद्द करून त्यांचे मुदतीच्या पट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा संसदेने केला तो १९८७ साली, म्हणजे भाऊसाहेबांच्या निधनानंतर १४ वर्षांनी. मोठ्या खनिजांचा विषय मुख्यतः केंद्राच्या कक्षेतला, तेव्हा सनदा रद्द करणे पणजीच्या हाती नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे. १९७३ नंतर आलेल्या, खाणमालकाच्या हाती नसलेल्या सरकारांनीही या प्रश्नाला निकराने हात घातला नाही. किंबहुना मालक खुर्चीवर नसतानाही त्याचे हित सुरक्षित राहू शकते, हा गोव्याचा अधिक कटू अनुभव आहे. पट्ट्यांची मुदत २००७ सालीच संपली होती, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. पुन्हा बहाल केलेले ८८ पट्टे २०१८ साली त्याच न्यायालयाने रद्द केले.

भाऊसाहेबांनी सत्तेचा खाणीसाठी उपयोग केला, असा आरोप येथे करावयाचा नाही. तसा प्रश्नच व्यवस्थेने कधी विचारला नाही, हा मुद्दा आहे. आपल्या कायद्यात सरकारला माल पुरविण्याचा किंवा सरकारी काम करण्याचा ठेका घेणारा आमदार अपात्र ठरतो. शाळेला बाके पुरविणारा लहान ठेकेदार या जाळ्यात सापडतो. पण खाणीचा पट्टा म्हणजे असा ठेका नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ सालच्या एका प्रकरणात दिला. झारखंडात मुख्यमंत्र्यांच्याच नावे दगडखाणीचा पट्टा दिल्याचे प्रकरण २०२२ साली निवडणूक आयोगापुढे गेले, तेव्हा वाद फिरून याच मुद्द्यापाशी आला. मंत्र्यांनी धंद्याच्या व्यवस्थापनाशी संबंध तोडावेत असे सांगणारी आचारसंहिता केंद्राने १९६४ पासून ठेवली आहे; तिला कायद्याचे बळ नाही.

निवडणुकीच्या वेळी उमेदवार आता मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र देतात, ही प्रगती खरी. परंतु त्यातून माणूस किती श्रीमंत आहे ते कळते. सभागृहात कोणत्या विधेयकावर बोलताना तो स्वतःच्या खिशाविषयी बोलत आहे, ते कळत नाही. आम्हां महाराष्ट्रातील लोकांना हे परके वाटण्याचे कारण नाही. साखर कारखान्याचा अध्यक्ष आमदार म्हणून त्याच कारखान्याच्या थकहमीसाठी आग्रह धरतो, आणि त्याला आपण मतदारसंघाची सेवा म्हणतो. ती सेवा असतेही. अडचण तीच आहे.

भाऊसाहेबांच्याच चरित्रात या बाबतीतला एक उत्तम दाखला आहे. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की नाही, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी कौल घेतला गेला. भाऊसाहेब विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते. ते खुर्चीवर असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, असे विरोधकांचे म्हणणे होते. डिसेंबर १९६६ मध्ये त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. कौल ३४,०२१ मतांनी त्यांच्या विरुद्ध गेला. त्यांनी तो मानला आणि काही आठवड्यांतच झालेल्या निवडणुकीत जनतेने त्यांना पुन्हा सत्तेवर बसविले. ज्या प्रश्नात आपला पक्ष ठरलेला आहे, त्याचा निवाडा होत असताना अधिकारपदावरून दूर व्हावे, हे तत्त्व राजकीय मताच्या बाबतीत गोव्याने तेव्हा मान्य केले होते. मिळकतीच्या बाबतीत ते ना तेव्हा कोणी मागितले, ना आज मागितले जाते.

राज्यसभेत सदस्यांच्या आर्थिक हितसंबंधांची नोंदवही ठेवली जाते. पणजीच्या आणि मुंबईच्या विधानसभेत अशी वही प्रत्येक अधिवेशनाच्या आरंभी कोणाही नागरिकाला पाहता यावी. पट्टे, कारखाने, पत्नी-मुलांच्या नावे असलेली भागीदारी तिच्यात यावी. आणि ज्याचे नाव ज्या धंद्यापुढे आहे, त्याने त्या विषयावरील मतदानाच्या वेळी सभागृहाबाहेर जावे. गोव्याच्या खाणींचे पट्टे २०२२ च्या अखेरीपासून लिलावाने देण्यास आरंभ झाला आहे. वहीची पहिली पाने भरण्यास ही वेळ वाईट नाही.