रस्ता कुणाचा?

सायकलीवर लेख म्हणजे जुन्या काळाचे गोडवे, असा आपला समज असेल तर तो आधी बाजूला ठेवावा. सांबरा, मुतगा, बाळेकुंद्री या आमच्या भागात सायकल ही आठवण नसून गरज आहे. दुधाचे कॅन लावून पहाटे निघणारा गवळी, शेताकडे जाणारा म्हातारा आणि हायस्कूलची मुले यांचे तिच्यावाचून चालत नाही. माझेही चालत नाही. सांबऱ्याहून मी कॉलेजला सायकलनेच येते.

हाच रस्ता पुढे बागलकोटकडे जातो आणि विमानतळही यावरच आहे. 2017 साली विमानतळाची नवी इमारत सुरू झाली आणि विमान गाठण्याच्या घाईतल्या मोटारी वाढल्या. गळीत हंगामात त्यांच्या जोडीला उसाचे ट्रॅक्टर असतात. विमानतळाबद्दल माझी तक्रार नाही. गावाचे नाव त्यामुळे दूरवर पोहोचले. तक्रार एवढीच, की वाहने वाढली तेव्हा सायकलवाल्याचा विचार कुणी केला नाही.

"कडेने जावे" असे आम्हांला सांगितले जाते. पण कड आहे कुठे? डांबराचे थरावर थर चढतात, साईडपट्टीवर मात्र मुरूम पडत नाही. मग डांबराची कड एखाद्या पायरीसारखी होते. मागून हॉर्न वाजला की सायकल खाली उतरवावी तर चाक घसरते. न उतरवावी तर मोटार अंगावर येते. अशा वेळी सायकलवाला पडला, तर लोक म्हणतात, "तोल गेला."

मी वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी. प्रत्येक नावेची कुठेतरी जमा असते, हे आम्हांला पहिल्याच वर्षी शिकवतात. तोच हिशेब येथे मांडू. वाटेतील वस्तीचा रस्ता दोन किलोमीटर धरला, तर ताशी 60 च्या वेगाने तो दोन मिनिटांत आणि 30 च्या वेगाने चार मिनिटांत संपतो. मोटारवाल्याच्या खाती जमा झाली ती फक्त दोन मिनिटे. नावे किती पडले? वेग दुप्पट झाला की आघाताची ऊर्जा चौपट होते, आणि ब्रेक लावल्यावर गाडी थांबण्यास लागणारे अंतरही चौपट होते. नफा एकाचा आणि जोखीम दुसऱ्याची, अशा व्यवहारास बाजारात कोणी सचोटीचा म्हणणार नाही. 2022 साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे मेली. त्यांत पादचारी, दुचाकीवाले व सायकलवाले मिळून सुमारे दोन तृतीयांश होते. ज्यांच्याभोवती पत्र्याचे कवच नाही, तेच अधिक मरतात.

सायकलवाले निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही. तिघे-तिघे शेजारी गप्पा मारीत जाणे, उलट्या बाजूने येणे, मागे रिफ्लेक्टर नसणे हे आपलेच दोष आहेत व ते आपणच सुधारले पाहिजेत. परंतु आमच्या चुकीने बहुधा आमचाच गुडघा फुटतो. मोटारीच्या चुकीने दुसऱ्याचे घर बसते. दोन्ही चुका एकाच तराजूत तोलणे न्यायाचे नाही.

कर्नाटक सरकारने 2006-07 पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली वाटल्या. पुढे कोरोनाच्या काळात ते वाटप थांबले. त्या सायकलींनी खेड्यांतील कितीतरी मुलींना हायस्कूल दाखवले. पण सायकल दिली आणि तिला रस्ता दिला नाही. आमच्या गल्लीतल्या एका मुलीची सायकल घरच्यांनी भीतीपोटी बंद केली. आता ती बसची वाट पाहते आणि तिचा पहिला तास बुडतो. अपघात न होताही रस्त्याने तिचे नुकसान केलेच.

हॉलंडचे उदाहरण आपण नेहमी ऐकतो, पण तेथेही सायकलचे मार्ग आपोआप झाले नाहीत. 1971 साली त्या लहानशा देशात रस्त्यांवर सुमारे 3,300 माणसे मेली. त्यांत 400 हून अधिक मुले होती. आईबाप रस्त्यावर उतरले, 'बालहत्या थांबवा' अशी चळवळ उभी राहिली, तेव्हा सरकार हलले.

आपली मागणी तर किती लहान आहे! साईडपट्टीवर मुरूम टाकून ती डांबराच्या पातळीस आणावी, कडेला पांढरा पट्टा ओढावा, वस्तीत व शाळांपुढे ताशी 30 ची मर्यादा पाळावयास लावावी. मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने सायकली व पादचारी यांच्या सुरक्षिततेसाठी नियम करण्याचा अधिकार राज्यांना दिला आहे. त्याचा उपयोग व्हावा. आमच्या कॉलेजने एवढे करावे, की सायकल स्टँडवर प्रत्येक सायकलीला रिफ्लेक्टर आहे की नाही हे पाहावे.

आपल्या भागात पाटीवर कोणती भाषा असावी यावर पुष्कळ बोलले जाते. कन्नडमध्ये 'निधान' म्हणजे सावकाश; मराठीत 'निधान' म्हणजे ठेवा. रस्त्यावरच्या पाटीवर तो शब्द दिसला, की दोन्ही अर्थ ध्यानात घ्यावेत. सावकाश चालवा, कारण पुढे सायकलवर कुणाच्या तरी घरचा ठेवा चालला आहे. या मागणीच्या अर्जावर दोन्ही विभागांच्या वाचकांनी सह्या केल्या, तर तो अर्ज कुणाला सहजासहजी बाजूला सारता येणार नाही.