पावलांची दिशा

‘रोमिओ आणि ज्युलिएट’मधली प्रतीकं टीकाकारांनी मागाहून चिकटवलेली आहेत, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. नाटककाराला गोष्ट सांगायची होती, तुम्ही तीत अर्थ कोंबता, हा त्यांचा आक्षेप. गाईडांनी त्याला बळ दिलं, हे कबूल करायला हवं. रात्र म्हणजे मृत्यू, प्रकाश म्हणजे प्रेम, विष म्हणजे द्वेष, एवढं पाठ केलं की गुण मिळतात आणि नाटक न वाचताच अभ्यास संपतो. पण अभ्यास वाईट होतो म्हणून प्रतीकच खोटं ठरवणं तर्काला धरून नाही.

हे नाटक 1595च्या सुमारास लिहिलं गेलं. लंडनची सार्वजनिक नाट्यगृहं तेव्हा वरून उघडी असत आणि प्रयोग दुपारी होत. लख्ख उजेडात रात्र दाखवायची तर ती शब्दांतूनच उभी करणं भाग होतं. म्हणजे रात्रीची ती सारी वर्णनं या नाटकाचं नेपथ्य आहेत. शिवाय ही रात्र गाईडमधली नाही. पहिली भेट, सज्जाखालचं बोलणं, लग्नानंतरची एकमेव रात्र, सगळं अंधाराच्या आसऱ्याने घडतं. रोमिओचा मित्र मर्क्युशिओ आणि ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट मात्र भर उन्हात मरतात. तिसऱ्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात पहाटे एक पक्षी ओरडतो. ज्युलिएट म्हणते, तो रात्री गाणारा नाइटिंगेल आहे. रोमिओ म्हणतो, पहाटेचा चंडोल. चंडोल असेल तर हद्दपार झालेल्या रोमिओला तिथून निघायलाच हवं, थांबला तर जीव जाईल. तो मरायला तयार होतो, तेव्हा तीच घाबरून त्याला जायला सांगते. पक्षी वगळा, प्रवेशच उरत नाही. थडग्यातला शेवटही रात्रीच होतो ना, असं कुणी विचारेल. होतो. ज्या अंधाराने सांभाळलं त्याच अंधारात दोघं मरतात, आणि म्हणूनच एका शब्दाच्या अर्थाने इथे भागत नाही.

सोलापूर जिल्ह्याने प्रतीकांचं हे काम पडद्यावर पाहिलं आहे. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ हा चित्रपट 29 एप्रिल 2016 रोजी प्रदर्शित झाला. त्याला ‘आपला रोमिओ-ज्युलिएट’ म्हणण्याची पद्धत मला मान्य नाही. व्हेरोनातली दोन्ही घराणी तोलामोलाची आहेत. इथे नायिका आर्ची वरच्या मानलेल्या जातीतल्या पाटलांची आणि नायक परश्या मासेमारी करणाऱ्यांचा. त्यामुळे प्रतीकंही इथल्याच मातीतून अर्थ घेतात. आर्ची पोहत असताना परश्या विहिरीत उडी घेतो. पाणी म्हणजे पावित्र्य, असं कोश सांगेल. पण 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर अस्पृश्य मानलेल्यांनी पाणी पिऊन आपला हक्क बजावला, हे ठाऊक असलेल्या प्रेक्षकाला, कोण कुणाच्या पाण्यात उतरतं, हे वेगळं दिसतं. दिग्दर्शकाच्या मनात हे होतं का, हा प्रश्न इथे गैरलागू आहे. चित्रात काय आहे आणि पाहणाऱ्याच्या समाजात त्याला कोणता अर्थ आहे, हे तपासता येतं.

प्रतीकं शोधत बसलं की जातीचं भीषण वास्तव सुंदर होऊन जातं, हा आक्षेप मात्र गंभीर आहे. त्याचं उत्तर शेवटच्या दृश्यात आहे. आर्ची-परश्याचे मृतदेह पाहून त्यांचं लहानगं मूल रडत बाहेर चालू लागतं. आवाज पूर्ण थांबलेला, आणि जमिनीवर रक्ताची चिमुकली पावलं. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात तेव्हा आपण उंबऱ्यापासून आत कुंकवाची पावलं उमटवतो. तीही लाल, तीही इवलीशी, पण घरात येणारी. ही घराबाहेर जातात. दिशा लक्षात आली की दृश्य सुंदर होत नाही, असह्य होतं. त्या दोघांना मारणारी आर्चीच्या माहेरची माणसं भेटवस्तू घेऊन याच दारातून आत आली होती.

सोलापूरच्या वर्गांत हे नाटक शिकवणाऱ्यांना म्हणून एक विनंती आहे. त्या पहाटेचा प्रवेश मुलांकडून आधी मोठ्याने वाचून घ्या, पक्षी कोणता हे त्यांना भांडू द्या, आणि गाईड तोवर मिटलेलं ठेवा.