नेमबाजाच्या पाठीशी कोण?

जून २०१७ मध्ये कॅनडातील 'ग्लोब अँड मेल' या दैनिकाने एक वृत्त प्रसिद्ध केले. इराकमध्ये 'इसिस'विरुद्धच्या लढ्यात साहाय्य करणाऱ्या कॅनडाच्या 'जॉइंट टास्क फोर्स टू' या विशेष दलातील एका नेमबाजाने ३,५४० मीटर अंतरावरील शत्रूला टिपले, असे ते वृत्त होते. साडेतीन किलोमीटर! गोळीला लक्ष्यापर्यंत पोहोचण्यास जवळजवळ दहा सेकंद लागले. कॅनडाच्या लष्कराने वृत्ताला दुजोरा दिला. नेमबाजाचे नाव मात्र सांगितले नाही. आणि लगेचच शंकांचे मोहोळ उठले.

या साऱ्या शंका एका जातीच्या नव्हत्या. जाणकारांचा प्रश्न होता तो असा : इतक्या अंतरावर गोळी कमालीची खाली येते, वाटेत वारा ठिकठिकाणी वेगळा असतो, दहा सेकंदांत उभा माणूस सहज दहा पावले चालून जातो. मग हा नेम किती आणि योगायोग किती? आधी किती गोळ्या वाया गेल्या? हे विचारण्यात सैनिकाचा अवमान नाही. स्नायपरला हे सारे टीकाकारांपेक्षा अधिक ठाऊक असते. तो कधी एकटा नसतो. शेजारी पालथा पडलेला त्याचा जोडीदार दुर्बिणीतून अंतर मोजतो, वाऱ्याचा अंदाज घेतो, चुकलेल्या गोळीने उडालेली धूळ पाहून दुरुस्ती सांगतो. या विद्येत प्रत्येक नेमावर पहिला संशय जोडीदारच घेतो.

दुसरा प्रश्न राजकीय होता. न्यू डेमोक्रॅटिक पक्षाचे तत्कालीन नेते टॉम मल्केअर यांनी विचारले, आपले सैनिक जर केवळ सल्ला व साहाय्य देण्यासाठी गेले आहेत, तर आघाडीवर ही गोळी कशी झाडली गेली? पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी उत्तर दिले की, ही अभिमानाने साजरी करावी अशी कामगिरी असून ती मोहिमेच्या चौकटीतच आहे. लोकशाहीत असे प्रश्न व्हायचेच. प्रश्न शासनाला होता, उत्तरही शासनाने दिले. सैनिकाला त्यात ओढले गेले नाही.

उरली ती तिसऱ्या जातीची शंका. ना अंतराचे ज्ञान, ना शस्त्राचे. केवळ 'हे सारे बनावट असणार' असा शेरा. शेरा मारणाऱ्याचे काहीच जात नाही. ज्याचे जळते त्यालाच कळते.

अशा शंकेने सैनिकाचे मनोधैर्य खचते काय? याचे उत्तर याच कॅनडाच्या, पण पंधरा वर्षे आधीच्या अनुभवात सापडते.

मार्च २००२. अफगाणिस्तानातील पक्तिया प्रांतात शाह-ई-कोट खोऱ्यात 'ऑपरेशन अ‍ॅनाकोंडा' सुरू होते. सुमारे नऊ हजार फुटांची उंची, विरळ हवा, आणि कडेकपारींत दडलेले अल-कायदाचे लढवय्ये. कॅनडाच्या 'प्रिन्सेस पॅट्रिशियाज' पलटणीतील पाच स्नायपर अमेरिकन तुकड्यांच्या साहाय्याला दिले होते. त्यांच्यापैकी अ‍ॅरन पेरी याने २,३१० मीटरवरून शत्रू टिपला. व्हिएतनाममध्ये १९६७ साली अमेरिकेच्या कार्लोस हॅथकॉकने केलेला २,२८६ मीटरचा विक्रम पस्तीस वर्षांनी मोडला. पेरीचा विक्रम काही दिवसच टिकला. त्याचाच सहकारी रॉब फर्लाँग याने २,४३० मीटरवरील मशीनगनधारी लढवय्यावर नेम धरला. पहिली गोळी चुकली, दुसरी त्याच्या पाठीवरच्या पिशवीला लागली, तिसरी वर्मी बसली. या हकिकतीतली पहिली चूक कोणी लपवली नाही, म्हणूनच ती आजही विश्वसनीय वाटते.

अमेरिकन सैनिकांनी या पाचांना डोक्यावर घेतले. मायदेशाने दिलेला घरचा आहेर मात्र वेगळा होता. याच तुकडीतील एकाने मृत शत्रूच्या देहाची विटंबना केल्याचा संशय पुढे आला आणि लष्करी चौकशी सुरू झाली. चौकशी होणे गैर नव्हे. शिस्त ही सेनेचा कणाच असते. परंतु ती महिनोन्‌महिने रेंगाळली आणि शेवटी कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. सुक्याबरोबर ओले जळते, तशी एकावरच्या संशयाची धग पाचांनाही लागली. अमेरिकेने देऊ केलेला 'कांस्य तारा' त्यांच्या छातीवर लागेपर्यंत डिसेंबर २००३ उजाडला. २००६ मध्ये 'मॅक्लीन्स' या नियतकालिकाने ही कहाणी सविस्तर छापली, तेव्हा त्यांची भावना उघड झाली : आम्हाला वाऱ्यावर सोडले गेले. फर्लाँग आणि पेरी, दोघांनीही लष्कर सोडले. ज्या हातांना शत्रू हलवू शकला नाही, त्यांनी रायफल खाली ठेवली ती आपल्याच माणसांच्या वागण्याने.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी लागते. त्यांना लागले ते जनतेचे कुचकट बोल नव्हेत. ज्यांना सत्य ठाऊक होते, किंवा ठाऊक करून घेता येत होते, ते वरिष्ठ गप्प बसले, हे लागले. बाहेरच्याची शंका सैनिक पाठीवरच्या धुळीसारखी झटकतो. घरच्यांचे मौन झटकता येत नाही.

परंतु म्हणून कौतुकाचे ढोल पिटावेत काय? ब्रिटनच्या क्रेग हॅरिसनने २००९ मध्ये हेल्मंड प्रांतात २,४७५ मीटरवरून दोन मशीनगनचालक टिपले. त्याचे नाव जगजाहीर झाले. सूडाच्या भीतीने त्याच्या कुटुंबाचे स्वास्थ्य हरपले आणि पुढे संरक्षण मंत्रालयाला भरपाई मोजावी लागली. २०१७ मध्ये कॅनडाने नाव गुप्त ठेवले, ते शहाणपणाचेच होते.

आणि फुगवलेली शौर्यगाथा तर शंकेखोरापेक्षाही घातक. स्टालिनग्राडचा वासिली झैत्सेव्ह हा निःसंशय थोर नेमबाज. त्याच्या नावावर २२५ शत्रू नोंदले आहेत. तथापि जर्मनीहून खास धाडलेल्या मेजरशी झालेले त्याचे गाजलेले द्वंद्व जर्मन कागदपत्रांत कोठेच आढळत नाही. अमेरिकेच्या ख्रिस काईलने आत्मकथनात दोन रौप्य आणि पाच कांस्य तारे मिळाल्याचे लिहिले. २०१६ मध्ये नौदलाने नोंद सुधारली ती एक रौप्य आणि चार कांस्य अशी. वस्तुतः तेवढेही कोणाही सैनिकाला भूषणावहच. पण वाढवलेल्या आकड्याने खऱ्या आकड्यावरही संशय ओढवून घेतला. झीज झाली ती शेजारच्या खंदकातील निनावी नेमबाजाच्या पतीची.

हा विषय भारताला परका नाही. २९ सप्टेंबर २०१६ रोजी नियंत्रण रेषेपलीकडील सर्जिकल स्ट्राइकची माहिती लष्करी मोहिमांच्या महासंचालकांनी स्वतः दिली. तरीही 'पुरावा दाखवा' अशी मागणी झाली. काहींनी तर कारवाई बनावट ठरवली. सेनेने वाद घातला नाही. २०१७ च्या प्रजासत्ताकदिनी मेजर रोहित सुरी यांना कीर्तिचक्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांना शौर्यपदके जाहीर झाली. कॅनडाच्या पाचांना जे वेळेवर मिळाले नाही, ते येथे चार महिन्यांत मिळाले. कारवाईची चित्रफीत दूरचित्रवाणीवर दिसली ती मात्र जून २०१८ मध्ये, म्हणजे एकवीस महिन्यांनी. दरम्यान त्या तुकड्यांतील जवान रजेवर गावी गेले असतील. पारावर कोणीतरी हसत विचारलेही असेल, काय हो, खरेच गेला होता का पलीकडे? गोपनीयतेच्या शपथेने बांधलेल्या माणसाने त्यावर काय बोलायचे? चहाचा पेला खाली ठेवून तो उठला असेल, आणि रजा संपताच पुन्हा ठाण्यावर रुजू झाला असेल.